सिक्युरिटीवाला तुमची गाणी ऐकत बसणार नाही

पत्र : आम्ही दोघं पहिल्यांदाच परदेशी लेकीकडे निघालो आहोत. मला गाण्यांचं वेड आहे. घरातल्या सगळ्या कॅसेट आणि सीड्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत. त्यात मित्रांनी पेनड्राइव्हवर दिलेली गाणीही मिसळली आहेत आणि खरं सांगायचं तर नेटवरून फुकट उतरवलेलीही. हे सगळं एका हार्डडिस्कवर आहे, ती बरोबर न्यायची आहे. शिवाय लेकीच्या तिथल्या ओळखीच्यांनी जुन्या गाण्यांच्या सीड्या मागितल्या, म्हणून मी चाळीस-पन्नास सीड्या राइट करून, वर कव्हरं छापून ठेवल्या आहेत. खर्चापुरते पैसे ते देणार आहेत. आता जावई म्हणतात, विमानतळावर कॉपी केलेली गाणी सापडली की जप्त होतात आणि दंडही होतो. शेजारचा मुलगा म्हणतो, एक्स-रेमधून गेली की हार्डडिस्क कोरी होते. सगळं डिलीट करून जाऊ का? ता. क. माझा जुना वॉकमन हातातल्या बॅगेत चालेल ना?

उत्तर : डिलीट काहीही करू नका. निदान भीतीपोटी तरी नको. त्या चाळीस-पन्नास सीड्यांबद्दल मात्र मला तुमच्याशी जरा सविस्तर बोलायचं आहे. तुमच्या पत्रात काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती अगदी सहज सांगून पुढे गेलात.

आधी जावईबापूंचं घेऊ. विमानतळावर आपल्याला अडवू शकणारी माणसं तीन प्रकारची असतात आणि आपण त्या सगळ्यांना मिळून 'सिक्युरिटी' म्हणतो. सगळा गोंधळ तिथेच होतो. विमानात चढण्याआधी बॅग पट्ट्यावर ठेवायला लावतात ती सुरक्षा तपासणी. तिथल्या माणसाला एवढंच बघायचं असतं की विमानाला आणि आतल्या माणसांना धोका होईल असं काही तुमच्याजवळ नाही ना. पासपोर्टवर शिक्का मारणारा इमिग्रेशनवाला, त्याला तुमच्याशी मतलब, सामानाशी नाही. आणि उतरल्यावर, सामान घेऊन बाहेर पडताना भेटतात ते कस्टम्सवाले. देशात कुठला माल येतोय हे बघणं त्यांचं काम. कॉपी केलेल्या गाण्यांचा विषय निघालाच तर यांच्याकडे निघेल.

सुरक्षा तपासणीच्या पडद्यावर नेमकं काय दिसतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. एक्स-रे यंत्र वस्तूचा आकार, घनता आणि ती साधारण कशाची बनली आहे ते बघतं आणि त्यावरून रंग देतं. कापड, कागद, प्लास्टिक, खाण्याचे पदार्थ असं सगळं नारिंगी छटांमध्ये, धातू निळ्यात आणि अधलंमधलं हिरव्यात. तुमची हार्डडिस्क म्हणजे त्या पडद्यावर एक निळसर चौकोन. आतली गाणी विकतची की फुकटची, हे त्या चौकोनाकडे बघून जगात कुणालाही सांगता येणार नाही. समोर बसलेल्या माणसाला एकेका बॅगेसाठी मिळतात काही सेकंद आणि मागे रांग खोळंबलेली असते.

तिथे बॅग उघडायला लावलीच तर कारण वेगळं असतं. हार्डडिस्क, चार्जर, वायरींचं भेंडोळं, वॉकमन आणि वर सीड्यांची चळत असं सगळं एकावर एक कोंबलं की पडद्यावर एक गच्च गोळा दिसतो. त्याच्या आड काय आहे ते कळत नाही, म्हणून बॅग बाजूला काढतात. तेव्हा इलेक्ट्रॉनिक वस्तू वरच्या कप्प्यात, सुट्यासुट्या ठेवा. वायरी गुंडाळून रबर लावा. लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा म्हणाले तर ठेवा. काही विमानतळांवर आता सीटी स्कॅनसारखी नवी यंत्रं आली आहेत, तिथे तो बॅगेतच राहू देतात. हे तिथल्या तिथे सांगतात, आधीपासून पाठ करायला नको.

शेजारच्या मुलाला सांगा, एक्स-रेने हार्डडिस्क पुसली जात नाही. पेनड्राइव्ह नाही, मेमरी कार्ड नाही, सीडी नाही आणि कॅसेटही नाही. कॅसेट आणि जुन्या पद्धतीची हार्डडिस्क चुंबकीय पद्धतीने माहिती साठवतात. त्यांना धोका असतो जोरदार चुंबकाचा आणि एक्स-रे म्हणजे चुंबक नव्हे. आपण ज्या चौकटीतून चालत जातो तिचं चुंबकीय क्षेत्र इतकं क्षीण असतं की त्याने काही होत नाही. एक्स-रेने खरोखर खराब होते ती कॅमेऱ्याची न धुतलेली फिल्म. ही दंतकथा बहुतेक तिथूनच आली असावी. फोटोच्या रोलबद्दलची खरी सूचना लोकांनी उचलली आणि सगळ्याच गोष्टींना चिकटवली.

हार्डडिस्कला खरा धोका आहे तो आपटण्याचा. आत तबकडी फिरते आणि तिच्यावर वाचणारं टोक जवळजवळ टेकलेलं असतं. म्हणून ती चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. त्या बॅगा कशा फेकल्या जातात ते खिडकीतून एकदा बघा, मग मला पुन्हा विचारायला नको. शिवाय चेक-इनची बॅग हरवू शकते. हार्डडिस्क मऊ कपड्यात गुंडाळून हातातल्या बॅगेत ठेवा. आणि निघण्याआधी तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घरी ठेवा. इतक्या वर्षांची मेहनत एकाच डबीत घालून समुद्रापार न्यायची ही कल्पना मला कॉपीराइटपेक्षा जास्त घाबरवते.

आता कस्टम्स. इथे कायदा खरोखर आहे, तेव्हा 'काही होत नाही हो' असं म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. जागतिक व्यापार संघटनेचा 'ट्रिप्स' नावाचा करार १९९५पासून लागू आहे आणि जगातले बहुतेक देश त्याला बांधील आहेत. चोरून कॉपी केलेला माल व्यापारासाठी सीमेवर येत असेल तर तो अडवण्याची सोय प्रत्येक देशाने केली पाहिजे असं त्यात म्हटलं आहे. पण त्याच कराराच्या कलम ६०मध्ये एक सूट आहे : प्रवाशाच्या स्वतःच्या सामानात थोड्या प्रमाणात, विक्रीसाठी नसलेल्या वस्तू असतील तर देशांना त्या या तरतुदींमधून वगळता येतील. सक्ती नाही, मुभा आहे. देशादेशांतला फरक या मुभेमुळे पडतो. काही ठिकाणी प्रवाशाच्या चार वस्तूंकडे कुणी ढुंकून बघत नाही, काही ठिकाणी नकली माल स्वतःसाठी आणला तरी खपवून घेत नाहीत. लेक जिथे राहते त्या देशाच्या कस्टम्सच्या वेबसाइटवर प्रवाशांसाठीचं पान असतं. तिला ते वाचून ठेवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

जावयांनी ऐकलेल्या गोष्टीचं मूळही मला माहीत आहे, कारण ती बरीच जुनी आहे. २००८ साली काही श्रीमंत देशांनी नकली मालाविरुद्ध एका नव्या कराराची बोलणी सुरू केली. 'ॲक्टा' त्याचं नाव. बोलणी बंद दाराआड चालली होती. त्यातला एक कागद बाहेर फुटला आणि बातम्या सुरू झाल्या की आता विमानतळावर तुमचा आयपॉड उघडून एकेक गाणं तपासणार. लोक संतापले, आणि लपवाछपवी इतकी होती की संशय घेणाऱ्यांना नावं ठेवता येत नाहीत. शेवटी जो मसुदा बाहेर आला त्यात प्रवाशाच्या सामानातल्या थोड्या, बिनव्यापारी वस्तूंना वगळण्याची तीच मुभा होती. २०११मध्ये आठ देशांनी सह्या केल्या, पुढच्या जानेवारीत युरोपीय संघ आणि त्यातल्या २२ देशांनी. त्यावर युरोपभर मोर्चे निघाले आणि ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. सह्या करणाऱ्यांपैकी एकट्या जपानने तो पुढे मंजूर केला. करार अमलात आलाच नाही. अफवेला मात्र संसदेची मंजुरी लागत नाही, ती जावईबापूंपर्यंत व्यवस्थित पोचली.

तर मग त्या सीड्या. तुम्ही म्हणता चाळीस-पन्नास आहेत, कव्हरं छापली आहेत, खर्चापुरते पैसे घेणार आहात. आता तुम्ही स्वतःला कस्टम्सच्या टेबलापलीकडे बसवा. बॅग उघडली. आत एकसारख्या डब्यांची चळत. त्याच त्या संग्रहाच्या दहा-दहा प्रती. वर गायकाचा फोटो असलेलं रंगीत कव्हर. डबी उघडून सीडी उलटी केली तर खालची बाजू कंपनीच्या सीडीसारखी स्वच्छ चंदेरी नाही, निळसर-हिरवट आहे. राइट करण्याच्या सीडीत जो रंगद्रव्याचा थर असतो त्याची ती छटा. कंपनीच्या सीडीच्या आतल्या कड्यावर, भोकाच्या जवळ, बारीक अक्षरांत 'आयएफपीआय' (गाणी काढणाऱ्या कंपन्यांच्या जागतिक संघटनेची आद्याक्षरं) आणि पुढे काही अक्षरं-आकडे कोरलेले सापडतात. १९९४पासून कारखान्यांना ही खूण देण्याची पद्धत सुरू झाली. (त्याआधीच्या अस्सल सीड्यांवर ती नसते, तेव्हा तुमच्याजवळच्या जुन्या सीड्या तपासत बसू नका.) तुमच्या सीड्यांवर कंपनीच्या सीडीसारखी ती खूण असेलच असं नाही. आणि विचारलं, "कुणासाठी नेताय?" तर तुम्ही सरळ माणूस, सांगणार, "लेकीच्या ओळखीच्यांसाठी, खर्चाचे पैसे देणार आहेत ते." झालं. वर ज्या सवलतीबद्दल सांगितलं तिच्या दोन्ही अटी, 'थोडं' आणि 'विक्रीसाठी नाही', तुम्ही एका वाक्यात गमावल्यात.

नफा घेत नाही हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण तिथे हिशेब नफ्यातोट्याचा होत नाही. एकाच वस्तूच्या बऱ्याच प्रती, वाटण्याच्या तयारीने बांधलेल्या आणि त्याबदल्यात पैसे, याला कस्टम्सच्या भाषेत माल म्हणतात. गुन्हेगार ठरवून बेड्या घालतील असं मी म्हणत नाही. ट्रिप्स करारात फौजदारी कारवाईची सक्ती आहे ती व्यापारी प्रमाणावर, जाणूनबुजून केलेल्या नकलांसाठी. पण सीड्या काढून घेतील, तासभर बसवून ठेवतील, काही देशांत दंडही लावतील. बाहेर लेक ताटकळत उभी आणि आत तुम्ही पहिल्याच परदेश प्रवासात नव्या भाषेत खुलासे देताय, हे चित्र मला बरं दिसत नाही.

आणि विमानतळ बाजूला ठेवला तरी माझं मत तेच आहे. स्वतःच्या कॅसेटवरून स्वतःसाठी उतरवून घेणं वेगळं आणि कव्हर छापून पन्नास जणांना पुरवणं वेगळं. दुसरी गोष्ट तुम्ही प्रेमाने केली असेल, पण ती करण्याचा हक्क तुमचा नव्हता. सीड्या घरीच राहू देत. ओळखीच्यांना गाण्यांची यादी पाठवा : कुठलं गाणं, कुणी गायलं, कुठल्या संग्रहात आहे. जुन्या गाण्यांपैकी पुष्कळशी आता स्ट्रीमिंगवर रीतसर मिळतात. यादीवरून ते शोधून ऐकतील. खरं सांगू का, तुमच्यासारख्या कानसेनाने निवडलेली यादीच दुर्मीळ असते. गाणी काय, कुठेही सापडतात.

हार्डडिस्कवरच्या गाण्यांचं जरा वेगळं आहे. तुमच्या संग्रहात तीन थर आहेत आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे लिहिलेत, म्हणून मीही सरळ बोलते. स्वतः विकत घेतलेल्या कॅसेट-सीड्यांवरून उतरवलेलं जे आहे त्याची बहुतेक ठिकाणी काळजी नको. अमेरिकेत १९९९ साली एका अपील न्यायालयाने एमपीथ्री प्लेअरच्या खटल्यात म्हटलं की स्वतःकडचं संगीत बरोबर नेता यावं म्हणून त्याची प्रत काढणं हा खासगी, बिनव्यापारी वापर आहे. युरोपात बऱ्याच देशांनी खासगी प्रतीला परवानगी दिली आहे आणि त्याची भरपाई म्हणून कोऱ्या सीडीवर किंवा उपकरणावर थोडं शुल्क लावतात. जर्मनीने तर १९६५मध्येच ही पद्धत आणली. ब्रिटनची गंमत ऐका. तिथे स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत काढणं ऑक्टोबर २०१४मध्ये कायदेशीर झालं आणि जुलै २०१५मध्ये उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, कारण कलावंतांच्या नुकसानाचा सरकारने नीट विचार केला नव्हता. वर्षही पुरं झालं नाही. कागदावर लाखो लोक एका दिवसात पुन्हा बेकायदा झाले आणि सगळे पूर्वीसारखेच गाणी ऐकत राहिले.

फुकट उतरवलेल्या गाण्यांना मात्र ही छत्री पुरत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये स्पष्ट केलं की मूळ स्रोतच बेकायदा असेल तर खासगी प्रतीची सवलत लागू होत नाही. जपानमध्ये अशी गाणी जाणूनबुजून उतरवणं ऑक्टोबर २०१२पासून शिक्षेला पात्र आहे. उलट स्वित्झर्लंडमध्ये स्वतःपुरतं उतरवून घेतलं तर चालतं. विमानतळावर कुणी हे उकरून काढेल असं मला वाटत नाही, पण 'कुणी बघत नाही' म्हणजे 'बरोबर आहे' असा अर्थ माझ्याकडून घेऊ नका. निघायला वेळ आहे, तेवढ्यात तो एक फोल्डर चाळा. जी गाणी खरोखर पुन्हापुन्हा ऐकता ती विकत घ्या किंवा स्ट्रीमिंगवर लावा आणि उरलेली नेऊ नका. माझा अंदाज आहे की त्यातली निम्मी तुम्ही उतरवल्यापासून एकदाही लावलेली नाहीत.

स्ट्रीमिंगचं सदस्यत्व घेतलंत तर विमानात ऐकण्यासाठी गाणी फोनवर आधी उतरवून ठेवता येतात. ती त्या ॲपमध्येच वाजतात, बाहेर काढता येत नाहीत आणि मधूनमधून ॲपला इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर ती बंद पडतात. स्पॉटिफायवर ही मुदत ३० दिवसांची आहे. लेकीकडे वाय-फाय असेलच, तेव्हा अडचण नाही.

सीमेवरचा अधिकारी फोन किंवा लॅपटॉप उघडून बघू शकतो का? काही देशांत बघू शकतो. अमेरिकेत सीमेवरच्या अधिकाऱ्यांना वॉरंटशिवाय उपकरण तपासता येतं. न्यूझीलंडमध्ये २०१८च्या कायद्याने, संशयाला सबळ कारण असताना पासवर्ड नाकारला तर दंड होऊ शकतो. पण असं कुणाला बाजूला घेतात तेव्हा ते तस्करी, दहशतवाद, मुलांची अश्लील चित्रं, व्हिसाबद्दल सांगितलेला खोटेपणा असल्या गोष्टी शोधत असतात. गाण्यांच्या यादीसाठी कुणी एवढी यातायात करत नाही. तेव्हा कृपा करून गाण्यांच्या फोल्डरला 'ऑफिसचे कागद' असलं नाव देऊन लपवालपवी करू नका. 'गाणी' असं नाव असलेल्या फोल्डरमध्ये गाणी सापडली तर कुणाला आश्चर्य वाटत नाही. ऑफिसच्या कागदांत अडीच हजार गाणी सापडली तर अधिकारी खुर्ची पुढे ओढून बसतो. विचारलं तर एवढंच सांगा की माझा जुना संग्रह आहे, स्वतःला ऐकायला नेतोय. न विचारलेलं सांगायला जाऊ नका. पेशाने शिक्षक वगैरे असाल तर हे जरा जड जाईल, पण निभवा.

आता वॉकमन. हातातल्या बॅगेत बिनधास्त न्या, कॅसेटसकट. फक्त त्यात चालू सेल घाला. कधीकधी तपासणीत उपकरण सुरू करून दाखवा म्हणतात. २०१४मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांसाठी तर चार्ज नसलेला फोन विमानात नेऊच देत नव्हते. आणि जुनी, विशीतल्या पोरांनी कधी न पाहिलेली वस्तू दिसली की कुतूहलानेही विचारतात. सुटे सेल नेत असाल तर त्यांची टोकं एकमेकांना किंवा किल्ल्यांना लागू देऊ नका, छोट्या डबीत ठेवा. पॉवर बँक असेल तर तीही हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात चालत नाही, आणि तिच्यावर १००पेक्षा कमी वॉट-अवर लिहिलेलं आहे ना ते बघा. हेडफोन मात्र दोन जोड घ्या. तुम्ही दोघं निघालात आणि वॉकमन एकच आहे, तेव्हा दोघांच्या वायरी जोडता येतील असा दोन तोंडांचा कनेक्टरही मिळतो, तो आठवणीने टाका.